सांधेदुखीपासून बदललेल्या पेशींपर्यंत: सोलापूर परिसरातून दिसणारा एका उपचाराचा इतिहास

शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरून येणाऱ्या जंतूंशी झुंजण्यासाठी असते. ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर किंवा स्नायूंवर उलटली की जे आजार होतात, त्यांना स्वयंप्रतिकारक आजार म्हणतात. दवाखान्यात मात्र ‘ऑटोइम्यून’ हाच शब्द रुळला आहे. आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, पेम्फिगस ही या मोठ्या घराण्यातली काही नावे. या आजारांवरचे औषध म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणे, आणि तेही जन्मभर, असेच विसाव्या शतकात धरून चालले गेले. मार्च २०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथील विद्यापीठ रुग्णालयात ल्युपस झालेल्या एका वीस वर्षांच्या तरुणीवर वेगळा उपचार झाला. तिच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढून, त्यांच्यात नवे जनुक घालून, त्या वाढवून परत तिच्या शरीरात सोडण्यात आल्या. कार-टी या नावाने ओळखला जाणारा हा उपचार तोवर रक्ताच्या कर्करोगासाठी वापरला जात होता.

या उपचाराचा इतिहास सहसा प्रयोगशाळांच्या अंगाने सांगितला जातो. त्याला दुसरेही अंग आहे. आजार कोणाला होतो, किती जणांना होतो आणि तो किती उशिरा ओळखला जातो, हे गावागावांत जाऊन मोजावे लागते. हे काम झाले नाही तर सर्वांत चांगले औषधही मोजक्या शहरांबाहेर पोचत नाही. सोलापूर जिल्हा आणि त्याला लागून असलेला भीमा व सीना खोऱ्यातला कोरडा मुलूख या दुसऱ्या अंगाच्या इतिहासात ठळकपणे येतो. येथे कर्करोग आणि सांधेदुखी या दोन्हींची घरोघर जाऊन नोंद झाली. बदललेल्या पेशींचा उपचारही कर्करोग आणि सांधेदुखी या दोन शाखांच्या देवाणघेवाणीतूनच उभा राहिला आहे.

सोलापूर हे हातांवर चालणारे शहर आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे लोक जुनी मिल म्हणू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवले, चादरी आणि टॉवेल देशभर पोचवले. पूर्व भागातील हजारो घरांत बायका विडी वळतात. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. आमवात नेमका हाताच्या लहान सांध्यांत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. सकाळी उठल्यावर बोटे धरतात, मूठ मिटत नाही, तासभर हात चालत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात हा आजार शिरला, की त्याचा पहिला परिणाम आठवड्याच्या मजुरीवर दिसतो, आणि दवाखान्याची वाट ती बहुधा मजुरी अर्ध्यावर आल्यावरच धरते. आजार तोवर सांध्याची हाडे कुरतडू लागलेला असतो. आमवातात पहिली एक-दोन वर्षे सर्वांत मोलाची असतात, म्हणून हा उशीर फार महाग पडतो.

सांधेदुखीच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याचे नाव वैद्यकीय ग्रंथांत प्रथम आले ते एका साथीमुळे. १९७३ मध्ये बार्शी शहरात चिकुनगुन्याची मोठी साथ पसरली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचा अभ्यास केला. तपासणीत आढळले की शहरातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना आजार होऊन गेला होता. हा विषाणू ज्या डासामार्फत पसरतो, तो घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेल्या या भागात रांजण, पिंपे आणि हौद घरोघरी असतात. बार्शीनंतर भारतात चिकुनगुन्याची मोठी साथ आली ती थेट २००५-०६ मध्ये. ताप चार दिवसांत उतरतो, पण काही रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात आणि त्यांची सूज आमवातासारखी दिसते. चिकुनगुन्या हा स्वयंप्रतिकारक आजार नव्हे. तरीही विषाणू गेल्यावर प्रतिकारशक्ती शांत का होत नाही, हा प्रश्न दोन्हींत सारखाच आहे. बार्शीने तो शास्त्रज्ञांपुढे लवकर आणून ठेवला.

त्यानंतर बार्शीत जे घडले ते अधिक मोलाचे आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या येथील कर्करोग रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या साहाय्याने १९८७ मध्ये कर्करोगाची नोंदवही सुरू केली. भारतातील ग्रामीण भागाची ही पहिली कर्करोग नोंदणी. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, पण ती शहरातल्या रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चाले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत रुग्णालयेच नव्हती, तर कागद कोठून येणार? म्हणून पद्धत उलटी करावी लागली. क्षेत्रसेवक ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात, कर्करोगाची धोक्याची लक्षणे कोणती हे लोकांना समजावून सांगत, संशय आलेल्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला यायला राजी करत आणि मृत्यूंचीही चौकशी करत. काही वर्षांतच या गावांतील स्त्रियांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. नवे औषध आले नव्हते. माणसे गावात जाऊन बोलत होती, एवढाच फरक होता.

या पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना ५२ गटांत विभागून वेगवेगळ्या तपासण्या देण्यात आल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यधोरणांनी तो विचारात घेतला. एवढ्या बायका पुढे आल्या, त्यामागे बार्शीच्या क्षेत्रसेवकांनी बारा वर्षे कमावलेला विश्वास होता.

सांध्यांच्या आजारांची अशीच मोजणी भिगवणला झाली. पुणे-सोलापूर महामार्गावरचे, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे हे गाव पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात येते. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी येथे कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना त्यामागे होती. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केले गेले, मराठीतून प्रश्नावली भरून घेतली गेली आणि दुखणे असलेल्यांना तज्ज्ञांनी तपासले. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत दिसले की दुखण्यांतला मोठा वाटा कष्टाच्या कामाने आखडलेल्या स्नायूंचा आणि झिजलेल्या गुडघ्यांचा आहे. आमवाताचे प्रमाण प्रौढांत सुमारे अर्धा टक्का निघाले, म्हणजे दोनशेत एक.

दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर आहे. त्यात प्रौढ साठ टक्के धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर एकट्या आमवाताचे रुग्ण बारा-तेरा हजारांच्या घरात जातात. ल्युपस आणि स्क्लेरोडर्मा याहून पुष्कळ विरळ आहेत, पण ते मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी करतात. कर्करोगाला बार्शीत कायमची नोंदवही मिळाली; या आजारांच्या वाट्याला तशी वही आली नाही. भिगवणची पाहणी मोलाची होती, पण पाहणी एका काळाचे चित्र देते आणि नोंदवही वर्षानुवर्षे रुग्णामागे चालते.

प्रयोगशाळेतली कथा याच्या कितीतरी आधी सुरू होते. १९०० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी असे मांडले की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करायला बिचकते. या मताचा दबदबा एवढा होता की स्वयंप्रतिकार ही कल्पना अर्धशतक मागे पडली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेल्या विचित्र पेशी आढळल्या. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अर्क टोचून त्याच ग्रंथीवर हल्ला घडवून दाखवला. त्यानंतर शंका उरली नाही. शरीरातल्या बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, आणि त्यांतल्या काहींची प्रतिपिंडे आपल्याच ऊतींना चिकटतात.

मेयो क्लिनिकनेच १९४८ मध्ये पहिले जोरदार औषधही दिले. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले. पण या औषधाची किंमत शरीर नंतर मोजते: चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो. हेच स्टेरॉइड गावोगावच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि ‘लवकर आराम देणाऱ्या’ गोळ्यांत मिसळलेही जाऊ लागले. सांधेदुखीच्या असंख्य रुग्णांची खरी तपासणी त्यामुळे लांबली. आराम पडतो तोवर निदान कोणी करत नाही. मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगाचे औषध, अगदी कमी मात्रेत, आमवाताच्या उपचाराचा कणा बनले ते १९८० च्या दशकात.

येथून कर्करोग आणि सांधेदुखी यांची देवाणघेवाण नजरेत भरते. १९९७ मध्ये बी पेशींच्या लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब हे औषध आले. ते बी पेशींना चिकटून त्यांचा नाश करते. लंडनमधील जोनाथन एडवर्ड्स यांनी तेच आमवाताच्या रुग्णांना दिले आणि २००४ मध्ये त्याचा गुण सिद्ध करून दाखवला. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणल्यावर भारतातील दवाखान्यांतही ते परवडण्याच्या जवळ आले. ल्युपसमध्ये मात्र रिटुक्सिमॅबच्या मोठ्या चाचण्या अपुऱ्या ठरल्या. हे औषध रक्तातल्या बी पेशी मारते. लसिकाग्रंथींत आणि सुजलेल्या ऊतींत खोलवर दडलेल्या पेशी त्यातून वाचतात आणि आजार परत उसळतो. दडलेल्या पेशींपर्यंत जाऊन त्यांना हुडकणारे काहीतरी हवे होते.

ते कर्करोगाच्या शाखेत तयार होत होते. १९८९ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि गिडियन ग्रॉस यांनी टी पेशीला प्रतिपिंडाचे टोक जोडून दाखवले. टी पेशी मारायला समर्थ असते, पण तिला लक्ष्य ओळखायला अवघड अटी लागतात. प्रतिपिंड लक्ष्य नेमके ओळखते, पण स्वतः मारत नाही. दोन्ही गुण एका पेशीत आणणारा हा कृत्रिम ग्राहक म्हणजे कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून कार. पहिल्या पेशी शरीरात टिकत नव्हत्या. ग्राहकाच्या आतल्या बाजूला टी पेशीला जगते ठेवणारा दुसरा संकेत जोडल्यावर त्या टिकू लागल्या. लक्ष्य म्हणून निवडले गेले बी पेशींवरचे सीडी-१९ हे प्रथिन.

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एमिली व्हाइटहेड या मुलीला या पेशी दिल्या. ताप चढत गेला आणि ती मरणाच्या दारात पोचली. तपासणीत तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ अतोनात वाढलेले दिसले. त्याला रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध तेव्हा उपलब्ध होते, आणि ते बनवले गेले होते आमवातासाठी. ते दिल्यावर मुलगी वाचली आणि तिचा कर्करोगही गेला. हे औषध त्या दिवशी हाताशी नसते, तर कार-टीचा प्रवास तेथेच थांबला असता असे म्हणण्यास जागा आहे. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी दिली आणि त्याच दिवशी या पेशींमुळे उठणाऱ्या तापासाठी टोसिलिझुमॅबलाही मान्यता दिली. सांधेदुखीच्या शाखेने कर्करोगाचे ऋण असे फेडले.

महाराष्ट्रात ही कथा परळ, पवई आणि खारघर या तीन ठिकाणी घडली. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून सोलापूर, बार्शी, पंढरपूरच्या कर्करोग रुग्णांची वाट तेथेच जाते. रात्री सोलापूरहून सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते, आणि हातात फाइल, सोबत एखादा नातेवाईक आणि डब्यात भाकरी-चटणी असे प्रवासी तिच्यात नेहमी दिसतात. याच रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्तपेशी काढणे, साठवणे, रुग्णाची प्रतिकारशक्ती काही दिवस शून्यावर आणून त्याला जंतूंपासून जपणे, हे सगळे कसब तेथे मुरत गेले. कार-टीला नेमके हेच कसब लागते. १९९० च्या दशकात परदेशात स्क्लेरोडर्मा आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरही स्वतःच्याच मज्जापेशींचे प्रत्यारोपण करून पाहिले गेले. प्रतिकारशक्ती पुसून नव्याने उभारता येईल, हा विचार तेथे प्रथम कसाला लागला. उपचार फार जड होता आणि त्यात रुग्ण दगावतही, म्हणून तो मर्यादित राहिला.

पवईच्या आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने २०१३ नंतर भारतीय कार-टीची बांधणी हाती घेतली. परदेशी उपचारात लक्ष्य ओळखणारे टोक उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले असते. येथे ते माणसाच्या प्रथिनाशी जुळते करून घेतले गेले. टाटा मेमोरियलचे डॉ. गौरव नरूला आणि डॉ. हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची बाजू सांभाळली. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, भारतातील पहिली कार-टी रुग्णाला दिली गेली. एर्लांगेनच्या तरुणीला पेशी मिळाल्या त्यालाही तेव्हा तीनच महिने झाले होते. आयआयटीतून निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीच्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तो देशाला अर्पण झाला. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. ही परवानगी बी पेशींच्या लिम्फोमासाठी आणि ल्युकेमियासाठी आहे, तीही इतर उपचार संपल्यावर.

एर्लांगेनमध्ये गेऑर्ग शेट आणि आंद्रेयास माकेन्झेन यांच्या गटाने जे केले त्याचे तर्कशास्त्र सोपे आहे. कर्करोगात बी पेशी बेसुमार वाढतात, ल्युपसमध्ये त्या चुकीची प्रतिपिंडे बनवतात. दोन्हींत काढायच्या त्याच पेशी. रुग्णाच्या रक्तातून यंत्राने पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहकातून टी पेशींत नवे जनुक जाते. दीड-दोन आठवडे त्या निर्जंतुक खोलीत वाढवल्या जातात. रुग्णाला हलकी केमोथेरपी देऊन नव्या पेशींसाठी जागा केली जाते आणि मग थोड्या मिनिटांत त्या शिरेतून सोडल्या जातात. ऊतींत दडलेल्या बी पेशीही त्या शोधून काढतात. पहिल्या तरुणीच्या रक्तातील, डीएनएवर हल्ला करणारी प्रतिपिंडे पाच आठवड्यांत जवळजवळ नाहीशी झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या गटाने १५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली: आठ ल्युपसचे, तीन मायोसायटिसचे, चार स्क्लेरोडर्माचे. सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली. ल्युपसच्या आठही रुग्णांचा आजार शांत झाला. सर्वांत उद्बोधक बाब पुढची. साधारण चार महिन्यांनी रक्तात बी पेशी परत आल्या, पण त्या कोऱ्या होत्या आणि जुनी चूक त्यांच्यात नव्हती. लहानपणीच्या लसींमुळे तयार झालेली प्रतिपिंडे बऱ्याच अंशी शाबूत राहिली, कारण ती बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशींवर सीडी-१९ नसते. प्रतिकारशक्तीचा चुकलेला भाग पुसला जातो आणि उपयोगाचा बराचसा टिकतो, हे दाबून ठेवण्याच्या जुन्या उपचारात कधीच साधले नव्हते. म्हणून या १५ रुग्णांच्या छोट्या अहवालाने संधिवाततज्ज्ञांत एवढी खळबळ उडवली.

जोखीम विसरता येत नाही. ताप येतो, काही वेळा मेंदूवर तात्पुरता परिणाम होतो, प्रतिपिंडे घटल्याने जंतुसंसर्गाचे भय वाढते. कर्करोगाच्या रुग्णांत क्वचित बदललेल्या टी पेशींपासूनच नवा कर्करोग उद्भवल्याने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने ठळक इशारा छापायला लावला. मरणासन्न कर्करोग रुग्णासाठी ही जोखीम एका मापाची असते, चाळीस वर्षे जगू शकणाऱ्या ल्युपसच्या तरुणीसाठी दुसऱ्या मापाची. साध्या गोळ्यांनी बऱ्या राहणाऱ्या आमवाताच्या रुग्णाला हा उपचार देण्यात अर्थ नाही. हा उपचार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी आधी कोणाचा आजार कोठवर गेला आहे हे ठाऊक असावे लागते.

दुसऱ्या वाटाही निघाल्या आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी पेन यांच्या गटाने २०१६ मध्ये पेम्फिगससाठी, फक्त दोषी बी पेशींनाच लक्ष्य करणारी पेशी उंदरांवर यशस्वी करून दाखवली. चीनमध्ये २०२४ मध्ये निरोगी दात्याच्या, जनुकसंपादन केलेल्या पेशी तीन रुग्णांना दिल्या गेल्या; अशा पेशी आधीच तयार करून ठेवता आल्या तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळे उत्पादन लागणार नाही. रुग्णाच्या शरीरातच, मेदकणांतून आरएनए सोडून, टी पेशी बदलण्याचे प्रयोगही सुरू आहेत. ते जमले तर निर्जंतुक खोल्या आणि केमोथेरपी दोन्ही वगळता येतील, आणि हा उपचार जिल्हा पातळीवर येण्याची खरी शक्यता त्यातच आहे.

आज अडचण पैशाची आहे. अमेरिकेत कार-टीचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. नेक्सकार-१९ साधारण ४० लाखांच्या आसपास मिळते, म्हणजे सुमारे एक दशांशात. ही मोठी कामगिरी आहे. पण महाराष्ट्र शासनाची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत सोलापूर होते आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे कवच होते. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ते पाच लाख झाले आहे. पाच लाख आणि चाळीस लाख यांतले अंतर विडी कामगाराचे किंवा यंत्रमागावरच्या कामगाराचे घर भरून काढू शकत नाही.

दुसरी अडचण निदानाची आहे, आणि तिच्यावर सोलापुरात काम होऊ शकते. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल, अश्विनी आणि मार्कंडेय ही सहकारी रुग्णालये, कुंभारीचे वैद्यकीय महाविद्यालय ही या शहराची वैद्यकीय ताकद आहे. स्वयंप्रतिकारक आजाराच्या रक्ततपासण्या, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, मूत्रपिंडाची सुईने घेतलेली तपासणी यासाठी खारघरची निर्जंतुक खोली लागत नाही. लागते ती लक्षण ओळखणारी नजर: तरुण बाईच्या गालांवरचा चट्टा, गळणारे केस, तोंडातले व्रण, सूज आलेले पाय आणि दुखणारे सांधे हे सगळे एकाच आजाराचे असू शकते, हे गावातल्या आशाताईपासून तालुक्याच्या डॉक्टरापर्यंत सर्वांना ठाऊक असणे. कर्करोगाच्या धोक्याच्या लक्षणांबाबत बार्शीच्या ३४६ गावांत नेमके हेच केले गेले होते.

२०२५ अखेरपर्यंत जगात कोठेही कार-टीला स्वयंप्रतिकारक आजारांसाठी बाजारपरवानगी मिळालेली नव्हती. हे सर्व काम चाचण्यांच्या पातळीवर आहे. जनुक बदललेल्या पेशी दिलेल्या रुग्णावर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असे अमेरिकी नियमन सांगते. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या रुग्णाला उद्या मुंबईत हा उपचार मिळाला, तरी त्यानंतरची पंधरा वर्षे तो करमाळ्याला, अक्कलकोटला किंवा शहराच्या पूर्व भागात घालवील. त्याचा ताप, त्याची लघवी आणि त्याचे रक्त तेथेच तपासावे लागेल, आणि कोणीतरी ते लिहून ठेवावे लागेल.